चार इयत्ता, एक खोली आणि रंगपेट्या नाहीत: प्राथमिक शाळेत चित्रकला घ्यायची कशी?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. पहिली ते चौथी मिळून वीस-बावीस मुलं, सगळी एका खोलीत. शिक्षक दोन, त्यातला एक कायम कसल्या ना कसल्या सरकारी कामावर. कला शिक्षक नाही, रंगांना पैसे नाहीत, आणि 'मला स्वतःला चित्र काढता येत नाही'. नव्या धोरणात कलेवर भर द्या म्हणतात, पालक म्हणतात स्पर्धेत नंबर आणा. तर नेमकं काय करावं?

शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करते, कारण ती अडचणच नाही. तुम्हाला चित्र काढता येत नाही ना, मग फार बरं. पहिली ते चौथीच्या मुलाला चित्र काढून दाखवणारं माणूस लागतच नाही. मी हायस्कुलात चित्रकला शिकवली, नंतर प्राथमिक शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या, आणि ज्यांचा हात चांगला होता त्यांचे वर्ग पुष्कळदा फिके निघाले, कारण सगळी मुलं बाईंसारखं काढायला बघायची. या वयाला हवा असतो ठरलेला वेळ, महिनाभर हातात राहील असं एकच माध्यम, स्वतःच्या ओळखीचा विषय, आणि मधे मधे न बोलणारं एक मोठं माणूस. एवढं तुमच्या खोलीत उद्यापासून होऊ शकतं.

कला शिक्षक का नाही, तेही सांगून टाकते म्हणजे वाट बघणं थांबेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, आणि पट शंभराच्या वर असेल तर. प्राथमिकला ती नाहीच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांत मिसळून शिकवा असं म्हटलंय. विचार चांगला आहे, पण बऱ्याच शाळांत त्याचं रूप 'परिसर अभ्यासातलं फुलपाखरू रंगवा' एवढंच उरतं. छापील फुलपाखरू रंगवणं म्हणजे चित्रकला नव्हे. ते हाताचं वळण आहे, शुद्धलेखनासारखं. अधूनमधून करायला हरकत नाही, पण त्याला कलेचा तास म्हणू नका.

आता खरं काम. कुठल्याही शाळेत जाऊन मुलांना नुसतं 'चित्र काढा' म्हटलं तर बहुतेक जण एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून किरणांसकट उगवणारा सूर्य, तिथूनच निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, एका अंगाला झोपडी, दुसऱ्या अंगाला माड, आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. याला मुलं 'देखावा' म्हणतात. तो त्यांना कुणी शिकवला हे कुणालाच सांगता येत नाही, पण तो सत्तरीतही असतो आणि तिकडे दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतही. ज्याच्या घरामागे कुळागर म्हणजे सुपारीची बाग आहे, पाटाचं पाणी खळखळतंय, अंगणात सुपारी वाळत पडलीय, ते मूलसुद्धा तीच झोपडी काढतं. ज्याच्या दारासमोर खाजन म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत आहे, भरतीचं पाणी अडवणाऱ्या मानशीची दारं आहेत, बांधावर बगळे उभे आहेत, तेही तीच नदी काढतं. खाण भागातल्या मुलाला तर रोज खनिजमातीचे ढीग दिसतात, सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे. कागदावर मात्र डोंगर त्रिकोणीच.

हा देखावा फाडू नका आणि त्याला नावंही ठेवू नका. तो चुकत नाही म्हणून मुलं तो काढतात. चुकायची भीती गेली की तो आपोआप सुटतो. त्यासाठी विषय बदला. 'माझं घर' नको, 'मागल्या दारी उभं राहिलं की काय दिसतं' हे घ्या. 'पावसाळा' नको, 'छत्री उलटी झाली तेव्हा' घ्या. 'बाजार' नको, 'म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईचा हात सुटला तर' घ्या. विषयात एक माणूस, एक जागा आणि काहीतरी घडतंय, एवढं असलं की पुरे.

आणि कागद लगेच वाटू नका. आधी पाच-दहा मिनिटं नुसत्या गप्पा. मागल्या दारी न्हाणी आहे का? पाणी तापवायचा हंडा तांब्याचा की पातेलं? लाकडं कुठे रचलीत, त्यांच्यावर प्लास्टिक घातलंय का? कुत्रा बांधलेला असतो की मोकळा? केळीला घड आहे का, आणि त्याचं बोंड कुठल्या बाजूला लोंबतंय? सुरुवातीला दोघं-तिघंच बोलतात. मग एकाला दुसऱ्याचं खोटं वाटतं, तो मधेच तोडतो, आणि खोलीत एकच गलका होतो. गलका झाला की कागद द्या. त्या क्षणी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर स्वतःचं मागलं दार उभं असतं, त्रिकोणी डोंगर आठवायला कुणाला सवड नसते.

फळा मात्र पुसलेलाच ठेवा. बाईंनी फळ्यावर हत्ती काढला की वर्गात वीस हत्ती निघतात, सगळ्यांची सोंड एकाच बाजूला, आणि त्यातला प्रत्येक हत्ती फळ्यावरच्यापेक्षा कमअस्सल. मुलाने 'हत्ती कसा काढू?' विचारलं तर प्रश्न परत करा. हत्ती कुठे बघितलास? देवळाच्या जत्रेत? पाय जाड की बारीक? कान केवढा? मुलगा उत्तर देता देता काढतो.

मुलाचं चित्र 'बरोबर' कधी येईल, ही चिंता सोडायला थोडी माहिती उपयोगी पडेल. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळ ऑस्ट्रियातले, पुढे अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षणाचे अभ्यासक. त्यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. वयाच्या सीमा मुलागणिक मागेपुढे होतात, पण वर्गात उभं राहून बघितलं तर टप्पे डोळ्यांना दिसतात. चार ते सातच्या मुलाचा माणूस म्हणजे डोक्यालाच हातपाय, आणि वस्तू कागदभर तरंगत असतात. सात ते नऊमध्ये कागदाच्या तळाला जमिनीची रेघ येते, वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी, मधली जागा मोकळी. बसमधली माणसं पत्र्यातून आरपार दिसतात. भिंत असूनही आतली चूल दिसते. माडावर नारळ काढणाऱ्या पाडेल्याचा एक हात अख्ख्या अंगाहून लांब असतो, कारण त्या चित्रात काम त्या हाताचं आहे. यातलं काहीही दुरुस्त करायचं नसतं. आकाश जमिनीला टेकतं हे सातव्या वर्षी सांगून कळत नाही. दोन वर्षांनी ते मूल स्वतःच एक दिवस क्षितिजाकडे बघून टेकवतं.

खरी अडचण चौथीत येते. नऊच्या सुमाराला मुलाला स्वतःचं चित्र आणि खरी वस्तू यातला फरक दिसायला लागतो. मग खोडरबर सुरू होतो, कागदाला भोक पडेस्तोवर. 'टीचर, म्हाका काडूंक येना' (मला काढता येत नाही) हे वाक्य पहिलीत ऐकू येत नाही, चौथीत येतं. पुष्कळ लोक 'आमचा हात चांगला नाही' असं जन्मभर म्हणतात, ते याच वर्षी कधीतरी ठरलेलं असतं. म्हणून तुमच्या खोलीत चौथीला वेगळं खाद्य द्या. खोडरबर गोळा करून डब्यात ठेवा. अर्धी उघडलेली छत्री, कुणाच्या घरचा जुना कंदील, सायकलचं चाक, पानांसकट फणसाची फांदी, असं काहीतरी मधोमध मांडा आणि डोळे वस्तूवर ठेवून हळूहळू एकच रेघ ओढायला सांगा. चित्र वेडंवाकडं येतं, पण त्यात बघितलेलं काहीतरी असतं. छत्रीची काडी नेमकी कुठे वाकते ते पोर पहिल्यांदाच बघतं. ज्याला तेही जमेना त्याला ठसे, माती, कापून चिकटवणं यांत गुंतवा. तिथे 'हुबेहूब' हा प्रश्नच नसतो.

चित्र झाल्यावर काय बोलायचं? 'वा, छान' हे सगळ्यांना सारखंच मिळतं, म्हणून कुणालाच मिळत नाही. 'हे काय काढलंस?' तर अजिबात नको. त्यात ओळखू येत नाही असा ठपका असतो आणि मुलांना तो बरोबर कळतो. 'सांग बघू' एवढंच म्हणा. मूल जे सांगेल त्यातलं एक वाक्य चित्राखाली पेन्सिलीने लिहा, त्याच्याच शब्दांत. हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या मराठी शाळेतलं मूल पुस्तकात मराठी वाचतं आणि घरी कोकणी बोलतं. हल्ली कुणाच्या घरी कन्नड असते, कुणाच्या घरी लमाणी. पहिलीतल्या पोराने 'आजी बांगडे कापता, माजर पळयता' (मांजर बघतंय) म्हटलं तर तेच लिहा. लगेच 'आजी बांगडे कापते आहे' करायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी तेच मूल बोट ठेवून ते वाक्य वाचून दाखवतं, कारण ते त्याचंच आहे. आठवड्याने शेजारी मराठी वाक्य लिहा आणि दोन्ही वाचायला लावा. भागशिक्षणाधिकारी शाळेत आले आणि चित्रांत वेळ का घालवता म्हणाले, तर त्यांच्यासमोर हे वाचन घ्या. जिच्या घरची भाषा तुम्हाला येत नाही तिचं वाक्य मोठ्या भावंडाकडून समजून घ्या आणि देवनागरीत लिहा.

वेळेचं सांगते. वेगळा तास शोधायला गेलात तर मिळणार नाही, म्हणून आहे त्यातच काढा. तिसरी-चौथीला भागाकार शिकवताना पहिली-दुसरीला आपण काय देतो? पाढे काढा, पान उतरून काढा. त्यातले आठवड्याचे दोन वेळ चित्राला द्या. गप्पा आधी झालेल्या असल्या तर ती मुलं अर्धा तास आवाज करत नाहीत. त्यापलीकडे आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीनंतर, चारही इयत्ता एकत्र. या तासाला मोठी मुलं लहानांना मदत करतात ती साहित्याची: रंग कालवून देणं, कागद धरणं, फडकं धुणं. लहानाच्या कागदावर मोठ्याने रेघ मारायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि कडक पाळा. तो तुम्हालाही लागू आहे.

साहित्यात सगळ्यात मोठा खर्च कागदाचा, आणि तो जवळजवळ फुकट होतो. पंचायत, सोसायटी, बँकेची शाखा, झेरॉक्सचं दुकान, सगळीकडे पाठकोरे कागद पडलेले असतात. लग्नपत्रिकांचा जाड कागद ठशांना आणि खरवडकामाला उत्तम, फक्त गुळगुळीत चकचकीत नको. छापखान्यात कापून उरलेल्या लांब पट्ट्या मिळाल्या तर सोडू नका. लांबट कागद हाती आला की मुलं मिरवणूक, पालखी, बसची रांग असले विषय आपणहून काढतात. कागदाचा आकार बदलला की चित्र बदलतं, हे कुणी सांगत नाही. व्हरांड्याच्या फरशीवर खडू हा तर बारा महिने चालणारा कागद. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला जे अनुदान येतं त्यातून चार ब्रश आणि मेणखडू घ्यायला शालेय व्यवस्थापन समितीची हरकत नसते, ठरावात लिहून घ्या म्हणजे झालं.

आपल्याकडचा पावसाळा मात्र हिशेबात धरा. बाहेरची पुस्तकं वाचून जूनमध्ये जलरंग काढाल तर पस्तावाल. कागद ओलसर, रंग वाळत नाही, आणि एकावर एक ठेवलेली चित्रं चिकटून गठ्ठा होतो. जून ते ऑगस्ट कोरडी माध्यमं: खडू, मेणखडू, पेन्सिल, कोळसा. कागद पत्र्याच्या ट्रंकेत, खाली विटा ठेवून. ओली माध्यमं दिवाळीच्या सुट्टीनंतर काढा. चिकटवायची खळ घरी शिजवता येते, पण दमट हवेत दुसऱ्याच दिवशी आंबते. बुकबाइंडर टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हातात ती खळ द्यायची नाही. लागेल तेवढीच ताजी करा.

रंग विकत घ्यायची घाई करू नका. गोव्यात पायाखाली रंग आहे. जिथे चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बांधकाम चालू असेल तिथे चिरे तासून तांबडा भुगा पडलेला असतो. बादलीभर आणा. पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, जाड रेव तळाला बसते. वरचं लाल पाणी फडक्यातून दुसऱ्या डब्यात गाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हळूच ओतून टाकलं की तळाशी लोण्यासारखा मऊ लाल गाळ राहतो. त्यात डिंकाचं पाणी घाला, नाहीतर वाळल्यावर रंग हाताला लागतो. किती डिंक ते मापाने सांगत नाही. कागदावर फासून वाळवा आणि बोट घासून बघा, बोट लाल झालं तर आणखी घाला. हे काम मुलांकडूनच करून घ्या. निवळणं आणि गाळणं हे परिसर अभ्यासातले धडे फुकटात होतात, आणि कला इतर विषयांत मिसळायची तर ती अशी. काळा रंग कंदिलाच्या काजळीचा, पिवळा हळदीचा (उन्हात उडतो, तेही मुलांना कळू दे), पांढऱ्याला खडूची पूड. चुना मुलांच्या हाती नको, डोळ्यांत गेला तर महागात पडतं.

हा तांबडा रंग हाती आला की एक पाठ जरूर घ्या, कावीचा. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात तांबडी नक्षी दिसते ती कावी. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहे, अडवलपालच्या शर्वाणीच्या देवळात आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा पुष्कळ भिंती गेल्या, तेव्हा तुमच्या परिसरात एखादी उरली असेल तर मुलांना आधी तिथे न्या. यात ब्रशने चित्र काढत नाहीत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने खरवडतात. तांबडं निघतं तिथे खालचं पांढरं दिसतं. रंग दोनच, काम सगळं रेघेचं.

वर्गातली रीत अशी. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हाताएवढा चौकोन आखा आणि पांढरा मेणखडू दाबून दाबून घासायला सांगा, जागा सुटता कामा नये. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून मुलं कंटाळतात. कागद तिरपा धरून उजेडात चमक बघायला शिकवा. मग चिऱ्याच्या रंगात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाका आणि तो रंग वरून फासा. साबण नसेल तर मेणावर रंगाचे नुसते मणी होतात आणि सगळा उत्साह मावळतो. आता वाट बघायची. बोटाला रंग लागत नाही पण कागद अजून गार लागतो, ती वेळ खरवडायची. फार ओला असेल तर रेघ परत भरून येते, पार वाळला तर खपल्या निघतात. खरवडायला माडाचा हीर किंवा शाई संपलेलं बॉलपेन.

पहिली पाच मिनिटं मुलं काहीच 'काढत' नाहीत. हीर फिरवला की खालून पांढरं निघतं, एवढंच परत परत बघत बसतात. बसू द्या. मग ठिपके येतात, पानं येतात, मासे येतात, कुणी देवळात बघितलेलं कमळ आठवतो. चौथीच्या मुलांसाठी हे माध्यम मला फार आवडतं, कारण यात खोडणं शक्यच नाही. वाकडी गेलेली रेघ फांदी होते नाहीतर शेपूट. सगळ्यांचे चौकोन एका मोठ्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवा, वर्गाची स्वतःची कावीची भिंत तयार.

दक्षिण गोव्यात सांगे-केप्याच्या बाजूची शाळा असती तर मी कुशावतीकाठच्या उसगळीमळला न्या म्हटलं असतं. तिथे नदीकाठच्या जांभ्या कातळावरच बैल, मोर, माणसं आणि वर्तुळात वर्तुळ अशी भुलभुलैयाची आकृती कोरलेली आहे. अभ्यासकांच्या नजरेत ती आली १९९३ साली. तुम्हाला सत्तरीतून ते लांब पडेल. पणजीच्या सहलीत कांपालला कला अकादमी बघाल तेव्हा प्रेक्षागृहात जाऊन व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी भिंतींवर रंगवलेले सज्जातले प्रेक्षक मात्र मुलांना दाखवा. 'यातलं कोण झोपलंय ते शोधा' असली कामगिरी द्या, नाहीतर मुलं भिंतीपेक्षा खुर्च्यांवर उड्या मारण्यात रमतील.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपासचे दिवस तर तुमच्या हातात आयते येतात. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायला गावात रानातली फळं-फुलं येतातच. प्रत्येकाने एकेक वस्तू आणायची, नाव घरच्या आजी-आजोबांना विचारून यायचं. कवंडळाचा लाल, घागऱ्यांचा खुळखुळाट, सुपारीचा अख्खा घड, आंबाडे, तोरिंग. आकाराने लावा, रंगाने लावा, हातात घेऊन काढा. एक खबरदारी, त्यातली काही फळं खायची नसतात, तेव्हा तोंडात कुणी काही घालणार नाही यावर डोळा ठेवा. मातीचं कामही याच दिवसांत. गावातल्या गणपतीच्या चित्रशाळेत मुलांना घेऊन जा, मूर्तिकार डोळे कसे आखतो ते गप्प बसून बघू द्या, आणि उरलेली माती मागा. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली की टिकते. मुलांना दोनच गोष्टी शिकवा: अंगठ्यापेक्षा जाड गोळा आतून तडकतो, म्हणून पोकळ करायचा, आणि हात-पाय नुसते दाबून चिकटत नाहीत, सांध्याला ओरखडे काढून पातळ माती लावायची. गणपतीच करा असं सांगू नका. म्हशी, खेकडे, ट्रॅक्टर होऊ द्या.

संगीत आणि नाटकाबद्दल थोडक्यात, तो माझा प्रांत नव्हे. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती गावात कुणी ना कुणी करतंच, त्यांना बोलवा. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं आणि आता शेळीचं लावतात, ही माहितीही मुलांना आवडते. करवंट्या, डबे, बाक यांवर ठेका धरता येतो. मुलींना फुगडी येते, ती मुलग्यांनाही खेळू द्या. नाटकाला पाठांतर नको. 'बसमध्ये जागा नाही आणि कोंबडा सुटला' एवढं सांगितलं की प्रयोग सुरू. स्नेहसंमेलनात भाड्याचे कपडे आणि सिनेमाची गाणी यावर जो पैसा जातो, त्यात वर्षाचे मेणखडू येतात. हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत बोलायची हिंमत तुम्हीच करायची आहे.

आता स्पर्धा. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा चित्र बघून मूल कुठल्या खासगी क्लासचं ते ओळखता येतं: काळ्या स्केचपेनची बाह्यरेषा, एकाच पद्धतीच्या लाटा, पृथ्वीला धरलेले दोन हात, कोपऱ्यात घोषवाक्य. मुलाने ते महिनाभर घोटलेलं असतं, आणि विषय जरा बदलला की ते रडकुंडीला येतं. स्पर्धेत भाग घेऊच नका असं म्हणत नाही. वर्षभराच्या चित्रांतून जे साजेसं असेल ते पाठवा, आणि जागेवर काढायची स्पर्धा असेल तर ज्याला जावंसं वाटतं त्याला न्या. स्पर्धेसाठी वर्गातला एकही तास मोडू नका. पालकांना नंबर हवा असतो कारण त्यांना दुसरं काही बघायला मिळत नाही. म्हणून प्रत्येक मुलाची एक फाईल करा, जुन्या पुठ्ठ्याची चालेल. चित्रामागे तारीख. सहामाहीच्या बैठकीत जूनचं आणि ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवून दाखवा. डोक्यालाच पाय फुटलेल्या माणसाला मान, पोट आणि पाच बोटं आलेली बघून बापही खाली वाकतो. गुण देऊ नका, श्रेणीही नको. प्रगतिपत्रकात जे काही भरावं लागतं ते फाईल बघून भरा. आणि ज्या पालकांना मुलाने आणखी शिकावं असं मनापासून वाटतं त्यांना मुलांना कला शिकवणाऱ्या बालभवनाचा पत्ता द्या. पणजीत कांपालला मुख्य जागा आहे आणि गावोगावी केंद्रं आहेत. खासगी क्लासची गरज नाही.

भिंतींचं राहिलं. शाळा रंगवायला घेतात तेव्हा ठेकेदाराचा पेंटर येऊन टीव्हीतली कार्टूनं काढून जातो. ती वर्षानुवर्षं तशीच, मुलांना हात लावायची बंदी. इमारतच शिकण्याचं साधन व्हावी ही 'बाला' नावाची कल्पना कबीर वाजपेयी या वास्तुरचनाकारांनी मांडली, तिचं आपल्याकडे भिंत-सजावट करून टाकलं. तुमच्या शाळेचा रंग निघेल तेव्हा एवढंच मागून घ्या: जमिनीपासून मुलाच्या खांद्यापर्यंतची पट्टी फळ्याच्या रंगाने रंगवून द्या. वर पेंटरला काय काढायचं ते काढू दे. ती पट्टी मुलांची, खडूने भरायची, शनिवारी ओल्या फडक्याने पुसायची.

सुरुवात करायची तर रंग, माती काही नको. येत्या आठवड्यात खडू आणि व्हरांडा, विषय मागलं दार. पुढचा महिनाभर फक्त मेणखडू आणि पाठकोरे कागद, दुसरं काहीही काढू नका, कितीही कंटाळलात तरी. मुलं कंटाळत नाहीत, आपण कंटाळतो. चिऱ्याचा भुगा आत्ताच आणून ठेवा, भर पावसात तो मिळत नाही. आणि मूर्तिकाराकडे माती मागायला श्रावण लागायच्या आधी जा. चवथ जवळ आली की त्याला मान वर करायला फुरसत नसते, मग वीस मुलांची वरात कोण उभी करून घेणार.